संपूर्ण संस्कृत ठेवावे की सोडावे?

नववीची पहिली घटक चाचणी झाली, की अनेक घरांत एक प्रश्न हमखास डोके वर काढतो. संपूर्ण संस्कृत तसेच ठेवायचे, की हिंदी-संस्कृत संयुक्त घ्यायचे? ‘गुण मिळवून देणारा विषय’ म्हणून हौसेने घेतलेली भाषा संधी, समास आणि धातुरूपांच्या गर्दीत परकी वाटू लागते. मात्र, विषय बदलण्यापूर्वी या बदलाचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत संपूर्ण संस्कृतला १०० गुण असतात. संयुक्त अभ्यासक्रमात हे गुण हिंदी आणि संस्कृत यांच्यात निम्मे-निम्मे विभागले जातात. संपूर्णसाठी ‘आमोदः’ हे एकच पाठ्यपुस्तक; संयुक्तसाठी मात्र संस्कृतचे ‘आनन्दः’ आणि हिंदीचे ‘लोकवाणी’ अशी दोन. संस्कृतचा भार हलका होतो. पण हिंदीची तयारी नव्याने करावी लागते आणि शब्दरूपे पूर्णपणे टळत नाहीत.

गुणांच्या भीतीचाही हिशेब मांडायला हवा. २०१० पासून लागू झालेल्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ सूत्रानुसार सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून टक्केवारी काढली जाते. त्यामुळे संस्कृतने दगा दिला, तरी टक्केवारी सावरू शकते. उत्तीर्ण होण्यापुरते गुण मात्र हवेतच. ही सवलत एकाच विषयाची असते. गणित किंवा समाजशास्त्रे आधीच कच्ची असतील, तर ती तेथेच खर्ची पडते.

खरा प्रश्न अडचण कोठे आहे, हा आहे. रूपे पाठ नसतील, तर रोजच्या अर्ध्या तासाच्या सरावाने महिन्याभरात फरक दिसू शकतो. रूपे येतात, पण वाक्याचा अर्थ लागत नसेल, तर संधी सोडवून आधी क्रियापद शोधण्याची सवय उपयोगी पडते. तरीही इतर विषयांचा वेळ संस्कृतच खात असेल आणि पाल्याला पुस्तक उघडणेच नकोसे झाले असेल, तर संयुक्त घेण्यात कमीपणा मानू नये.

केवळ मित्राने विषय सोडला, म्हणून आपणही सोडणे योग्य नव्हे. निर्णय नववीच्या प्रारंभीच, विषयशिक्षकांशी बोलून घ्यावा. शाळेत संयुक्तची तुकडी आहे का, हेही आधी विचारावे. आणि पालकांनी शेवटचा शब्द उच्चारण्यापूर्वी पाल्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे; पुढची दोन वर्षे तो अभ्यास त्यालाच करायचा असतो.