त्वचेच्या लिम्फोमातील प्रकाशाधारित रक्तोपचार आणि रोगप्रतिकार यंत्रणा

प्रस्तावना :
प्रकाश आणि त्वचारोग यांचा संबंध भारतीय वैद्यकास प्राचीन काळापासून ज्ञात आहे. कोडावर बावचीच्या बियांचा वापर करून त्वचेस ऊन देण्याची पद्धत आयुर्वेदात होती. बावचीत असलेल्या सोरालेन वर्गातीलच ८-मेथॉक्सीसोरालेन हे द्रव्य आज फोटोफेरेसिस या उपचारात वापरले जाते. या उपचारात शरीरातील थोड्याच पेशींवर प्रकाश पडतो, तरी त्याचा परिणाम संपूर्ण त्वचेवर दिसतो. असे का घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोगाचे स्वरूप :
त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमात टी-लसिकापेशी कर्करोगग्रस्त होऊन त्वचेत साठतात. मायकोसिस फंगॉइडिस हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. सेझरी लक्षणसमूहात जवळजवळ सर्व त्वचा लाल होते, असह्य खाज सुटते आणि रोगग्रस्त पेशी रक्तातही आढळतात. या पेशींच्या प्रभावाने रुग्णाची निरोगी प्रतिकारशक्तीही क्षीण होते. प्रगत अवस्थेतील अनेक रुग्ण जंतुसंसर्गाने दगावतात. म्हणूनच प्रतिकारशक्ती आणखी न दडपता रोगावर नियंत्रण मिळविणे महत्त्वाचे ठरते.

उपचाराची पद्धत :
रुग्णाचे रक्त यंत्रात घेऊन त्यातील श्वेतपेशी वेगळ्या केल्या जातात व तांबड्या पेशी शरीरात परत सोडल्या जातात. श्वेतपेशींत ८-मेथॉक्सीसोरालेन मिसळून त्यांवर अतिनील-अ किरण सोडतात आणि नंतर त्या पेशीही रुग्णास परत देतात. सामान्यतः सलग दोन दिवस उपचार करून दोन ते चार आठवड्यांनी त्याची पुनरावृत्ती केली जाते. रिचर्ड एडलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या ३७ रुग्णांपैकी २७ जणांना लाभ झाला. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली.

प्रतिकार यंत्रणेवरील परिणाम :
(१) पेशीमृत्यू : किरणांमुळे सक्रिय झालेले सोरालेन डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडते. परिणामी लसिकापेशी पुढील एक-दोन दिवसांत नियोजित पेशीमृत्यूच्या मार्गाने नष्ट होऊ लागतात. परंतु एका वेळी रक्ताभिसरणातील अल्पांश लसिकापेशींवरच उपचार होतो. केवळ पेशींच्या नाशाने रोग हटत नसावा, हे यावरून स्पष्ट होते.
(२) प्रतिजनांची ओळख : यंत्राच्या पातळ पटलातून जाताना मोनोसाइट पेशींचा सक्रिय बिंबिकांशी संपर्क येतो व त्यांचे डेंड्रायटिक पेशींत रूपांतर होऊ लागते. या पेशी मृत कर्करोगपेशी गिळून त्यांतील प्रतिजने सीडी-८ टी-पेशींसमोर मांडतात. अशा रीतीने रुग्णाच्याच पेशी त्याच्यासाठी लसीचे कार्य करतात, असे मानले जाते.
(३) संतुलनाची पुनर्स्थापना : या रोगात प्रतिकाराचा कल टीएच-२ प्रकाराकडे झुकलेला असतो. उपचारानंतर तो टीएच-१ प्रकाराकडे वळत असल्याचे अनेक रुग्णांत आढळले आहे.

ज्या रुग्णांच्या रक्तात सीडी-८ पेशींची संख्या जवळजवळ सामान्य असते, त्यांना अधिक लाभ होतो. ही बाब वरील विवेचनास पुष्टी देते.

एक विरोधाभास :
अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात, तेव्हाही हाच उपचार केला जातो. तेथे मात्र तो नियामक टी-पेशींची वाढ घडवून प्रतिकार शमवितो. एकच उपचार एका ठिकाणी प्रतिकार जागवितो व दुसऱ्या ठिकाणी तो शांत करतो. म्हणून त्यास प्रतिकारशक्ती दडपणारा उपचार न म्हणता तिचे नियमन करणारा उपचार म्हणणे अधिक उचित होय.

मर्यादा :
परिणाम दिसण्यास बहुधा काही महिने लागतात आणि सर्वच रुग्णांना लाभ होत नाही. विशिष्ट यंत्रसामग्री व प्रशिक्षित मनुष्यबळ आवश्यक असल्याने उपचार खर्चिक ठरतो. उपचारानंतर किमान २४ तास ऊन टाळावे लागते व डोळ्यांचे संरक्षण करावे लागते. गंभीर दुष्परिणाम मात्र क्वचितच आढळतात.

समारोप :
सारांश, फोटोफेरेसिसचे सामर्थ्य नष्ट केलेल्या पेशींच्या संख्येत नसून, त्या पेशींच्या साहाय्याने उर्वरित प्रतिकार यंत्रणेस दिलेल्या संदेशात आहे. संसर्गाची भीती सतत असलेल्या रुग्णासाठी हा भेद जीवनमरणाचा ठरू शकतो. त्यामुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती फार खालावण्यापूर्वीच या उपचाराचा विचार होणे श्रेयस्कर ठरते.