जसे काम तसे विमान



डोक्यावरून विमान गेले की शेतातला माणूस हातातले काम थांबवून वर पाहतो. शाळेतली मुले तर वर्ग सोडून खिडकीशी धावतात. लहान असो, मोठे असो, आपण त्याला ‘विमान’ म्हणून मोकळे होतो. जमिनीवरच्या वाहनांच्या बाबतीत मात्र आपण असे करीत नाही. शेणखत बैलगाडीतून जाते, ऊस ट्रॉलीतून आणि तालुक्याला जायचे तर एस. टी. हवी. एकाचे काम दुसऱ्याला सांगितले तर खर्च वाढतो आणि कामही नीट होत नाही. हवेतल्या वाहतुकीलाही हाच नियम लागू आहे. तेव्हा विमानांचे मुख्य प्रकार कोणते, कोणते विमान कोणत्या कामाचे आणि त्यापायी मोल काय द्यावे लागते, याचा आज थोडा विचार करू.

पहिला प्रश्न असा, की एवढे मोठे धूड वर जाते तरी कसे? वर जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट हवेपेक्षा हलके होण्याची. तापलेली हवा हलकी असते; ती मोठ्या पिशवीत कोंडली की पिशवी वर चढते. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंच्या अशा फुग्यातून माणसाने पहिल्यांदा आकाशात प्रवास केला. पण फुगा वाऱ्याचा गुलाम. वारा नेईल तिकडे त्याने जायचे. पुढे हायड्रोजन भरलेली आणि यंत्राने चालणारी प्रचंड हवाई जहाजे निघाली. परंतु हायड्रोजन चटकन पेट घेतो. १९३७ साली ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज अमेरिकेत उतरताना जळून गेले आणि त्या जहाजांवरचा उतारूंचा विश्वासच उडाला.

दुसरी वाट पतंगाची. वारा पडलेला असला म्हणजे मूल काय करते? दोरी धरून धावत सुटते. धावण्यामुळे तिरप्या पतंगावर हवा आदळते, पतंग त्या हवेला खाली लोटतो आणि हवा पतंगाला वर उचलते. विमानाचा पंख हेच करतो. धावण्याचे काम तेवढे इंजिन करते. अमेरिकेतल्या राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी हे साधले. त्यांचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे होते!

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. पंखाला उचल मिळायची तर आधी वेग हवा आणि वेग घ्यायचा तर धावायला जागा हवी. विमान जितके जड, तितकी जागा जास्त. पावणेदोनशे उतारूंचे जेट विमान भरल्यावर पाऊणशे टनांच्या घरात जाते आणि जमीन सोडताना त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. शिवाय उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, तेव्हा त्याला आणखी लांब धावावे लागते. विमानांचे निरनिराळे प्रकार झाले ते बरेचसे या जागेच्या आणि वेगाच्या हिशेबातून.

आपल्या देशात विमानाने प्रथम उचलले ते टपाल. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या लहानशा विमानातून कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला आणले. स्वातंत्र्यानंतर नागपूरला या कामात मोठे मानाचे स्थान मिळाले. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत आणि मध्यरात्री नागपुरास एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! डाकोटा जातीची पंख्याची विमाने त्या काळी हे काम करीत.

आता आजचे प्रकार पाहू. पहिला प्रकार पंख्याच्या विमानांचा. यांच्या इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा फिरतो आणि तो हवा मागे फेकून विमानाला पुढे ओढतो. सुमारे ७० उतारूंचे एटीआर जातीचे विमान यातलेच. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. हे दीड किलोमीटरच्या धावपट्टीवरूनही उडू शकते आणि जवळच्या पल्ल्याला इंधन कमी खाते. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतली पहिली विमाने सुटली, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता आणि तिथे हेच विमान होते. लहान गावाला लहान विमान, हे त्यातले गणित.

दुसरा प्रकार जेट विमानांचा. जेट इंजिन हवा आत ओढते, दाबते, इंधन जाळून तापवते आणि झोताने मागे सोडते. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडला तर कसा सुसाट पळतो, तसेच ते. ही विमाने दहा-बारा किलोमीटर उंचीवरून ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात. तिथे हवा विरळ, म्हणून अडथळा कमी. दिल्ली, दुबई, लंडन अशा लांब पल्ल्याला ती परवडतात. शंभर-दीडशे किलोमीटरसाठी त्यांना वर चढवणे म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ट्रक काढणे होय.

तिसरा प्रकार हेलिकॉप्टरचा. इथे विमान धावत नाही, पंखच गरगर फिरतो. त्यामुळे त्याला धावपट्टी लागत नाही. ते उभे चढते, उभे उतरते आणि हवेत एका जागी थांबतेही. जुलै २०२१ मध्ये कोकणात महापूर आला, तेव्हा वायुदल आणि नौदलाची हेलिकॉप्टरे मदतीला धावली ती यामुळेच. रस्ते पाण्याखाली गेले तरी त्यांचे अडत नाही. पण सारे वजन इंजिनाच्या जोरावर तोलून धरायचे म्हणजे इंधन फार जळते, ओझे थोडे आणि वेगही कमी. म्हणून हेलिकॉप्टर संकटाचा सोबती. रोजच्या वाहतुकीचा नव्हे. याखेरीज बिनइंजिनाचे ग्लायडर, पाण्यावर उतरणारे समुद्री विमान आणि पिकावर औषध फवारणारा बिनवैमानिकाचा ड्रोन, हीही याच कुळातली भावंडे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढेच आहे. कोणता माल विमानाने पाठवावा? नाशिकची द्राक्षे युरोपला जातात ती मुख्यतः जहाजाने, थंड कंटेनरमधून. ती काही आठवडे टिकतात आणि जहाजाचे भाडे विमानाच्या मानाने फारच कमी पडते. उलट अमेरिकेला जाणारा हापूस विमानाने जाऊ लागला, कारण तो वाटेतच पिकून खराब होण्याची भीती. म्हणजे कसोटी अशी: माल वजनाला कमी, मोलाला जास्त आणि वेळेला हळवा असेल तर विमान, नाहीतर रेल्वे, ट्रक आणि जहाज बरे. पैशात न मोजता येणारे मोलही असते. १२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याहून कोविडची लस विमानांनी देशातल्या १३ शहरांकडे रवाना झाली. एका दिवसात ५६ लाखांहून अधिक मात्रा! अशा वेळी भाड्याचा विचार मागे पडतो आणि तसाच तो पडायला हवा.

आता मोलाची दुसरी बाजू. धावपट्टी आकाशात नसते. ती कोणाच्या तरी जमिनीवर असते. अडीच किलोमीटर लांब आणि ४५ मीटर रुंद असा जेट विमानाचा पट्टा धरा. नुसत्या पट्ट्याखालीच सुमारे २८ एकर जातात. दीड किलोमीटर लांब आणि ३० मीटर रुंद पट्ट्याला ११ एकर पुरतात. भोवतालची मोकळी जागा, इमारती, रस्ते हे सारे वेगळे आणि त्याहून कितीतरी मोठे. म्हणून आपल्या भागाला विमानतळ हवा की नको, ही चर्चा गावात निघाली तर नुसत्या होकाराने किंवा नकाराने ती संपवू नये. कोणते विमान येणार? ते काय नेणार? वर्षातून किती दिवस भरून जाणार? आणि ज्यांची जमीन जाईल त्यांच्या पदरात काय पडणार? हे चार प्रश्न विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे आणि उत्तरे पारखायची तर विमानाची ही एवढी ओळख हवीच.

शिक्षकांना एक सुचवतो. धावपट्टीचा वरचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या आणि मग आपल्या गावच्या शिवाराशी तो ताडून पाहायला सांगा. क्षेत्रफळाचे गणितही होईल आणि विमानाची किंमतही मुलांना कळेल.