मॅटाडोरचा हँडगिअर

‘गिअर पडत नाही’ हे तीन शब्द ज्यानं घाटाच्या चढावर, मागं ट्रकची रांग लागलेली असताना ऐकलेत, त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. मी ते ऐकले १९९३ च्या डिसेंबरात, खंबाटकीत. तेव्हा तिथं बोगदा नव्हता. मागं हळदीची पोती, शेजारी काका आणि दांडा पहिल्या-दुसऱ्याच्या मधेच कुठंतरी अडकलेला. मी उडी मारून चाकामागं दगड लावला.

गाडी म्हणजे काकांची मॅटाडोर. जर्मन टेम्पो गाडीचा हा अवतार आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनी बनवायची. (२००५ मध्ये ती कंपनी फोर्स मोटर्स झाली.) वाईतली निम्मी लग्नं या मॅटाडोरनं लावली, असं काका सांगत. तिचा गिअर जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या खांबाला होता. ड्रायव्हर लोक त्याला हँडगिअर म्हणत. पुढं इंजिनानंच जागा अडवलेली, त्यात दांडा खाली नसला की तेवढीच पायाला मोकळीक!

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मित्राच्या मारुती व्हॅनवर गाडी शिकलो होतो. त्या व्हॅनचा गिअर दोन सीटच्या मधे, खाली. हाताला लगेच सापडणारा. त्यामुळं मी घाटातच निकाल दिला, “काका, गिअरबॉक्स गेला.”

“दांडा सैल लागतोय रे आठ दिवस,” काका पुटपुटले. पण पुतण्या इंजिनिअर होणार होता ना! त्यांनी माझं ऐकलं.

आता सांगतो माझं काय चुकलं. दांडा वेगळा आणि गिअरबॉक्स वेगळा. डब्यातले दाते एकमेकांत गुंतलेलेच असतात. गिअर टाकणं म्हणजे आतली एक कडी सरकवून त्यातली एक जोडी शाफ्टला जखडणं. ती कडी सरकवायची असते बाहेरून. जुन्या जीपमध्ये दांडा थेट डब्याच्या डोक्यावरच बसवलेला, मधे कुणी नाही. हँडगिअरला मात्र दोन कामं दुरून करावी लागतात: कोणती जोडी ते निवडायचं आणि मग ती पुढं-मागं ढकलायची. त्यासाठी सळया, त्यांना सांधे आणि सांध्यांत बुश. बुश झिजले की दांडा हलतो एवढा आणि डब्यापर्यंत पोचतो तेवढा. मग निवड अर्धवट होते आणि सगळं मधेच अडकून बसतं.

आणि दांडा खाली असला म्हणजे सगळं सरळ, असंही नाही. फोक्सवॅगनची ती जुनी गोलमटोळ व्हॅन घ्या. दांडा ड्रायव्हरजवळ जमिनीवर, पण इंजिन आणि गिअरबॉक्स पार मागं! मधे गाडीच्या पोटाखालून गेलेली लांबलचक सळई. तिचा सांधा झिजला की ड्रायव्हर वरणात चमचा फिरवावा तसा गिअर शोधत बसतो.

ओळखायची रीत साधी आहे. इंजिन बंद करून गिअर टाकून पाहावा. बंद असताना सहज पडतो आणि चालू असताना कुरकुरतो, तर आधी क्लचकडे बघा. बंद असतानाही दांडा वाट चुकतो, तर सळया आणि बुश बघा. गिअर पडतो पण धावताना आपोआप सुटतो, आतून घरघर येते, तेलात लोखंडाचा चुरा सापडतो, अशा वेळी डबा उघडण्याला अर्थ.

हे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात गिअरचे दाते मोजायला शिकवले, बुश कुणी दाखवला नाही. आम्ही गाडी एका गॅरेजात टाकली. डबा उतरवला, बेअरिंगं बदलली, हंगामाची कमाई तिथं गेली. गाडी परत आली आणि चौथ्या दिवशी बाजारपेठेत पुन्हा अडकली. पुन्हा गॅरेज. मे ९४ मध्ये ताईच्या लग्नाचं वऱ्हाड पुण्याला निघालं ते भाड्याच्या गाडीतून. गावाची वऱ्हाडं वाहणाऱ्या माणसाची मुलगी, दुसऱ्याच्या गाडीतून! काका ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि वाटभर बोलले नाहीत.

पावसाळ्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून दांडा दोनदा हलवला, गाडीखाली शिरले आणि तासाभरात बाहेर आले. तळहातावर दोन बुश, अंड्यासारखे लांबट झिजलेले. नवे बसवले. मजुरीसकट दीडशे रुपयांच्या आत.

काकांनी ते झिजलेले बुश कागदात बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. परतताना त्यांनी किल्ली माझ्यापुढं धरली.

“चालव तू,” म्हणाले. “आणि हाताला काही वेगळं लागलं तर सांग मला.”