दहा लाखांत शंभर

विमानाच्या पंखातील इंधनटाकीत, जेथे केरोसीन, अंधार आणि धातू यांखेरीज दुसरे काही असेल असे आपल्याला स्वप्नातही वाटणार नाही, तेथे बुरशी आणि जीवाणू सुखाने नांदतात. कारण कितीही बंदोबस्त केला तरी इंधनात अल्पसे पाणी विरघळलेले असतेच, आणि उंचावरील कडाक्याच्या थंडीत ते इंधनापासून विलग होऊन, टाकीत शिरलेल्या हवेतील बाष्पासह, तळाशी साचते. या पाण्याच्या आणि इंधनाच्या सीमारेषेवर सूक्ष्मजीवांची वसाहत होते. पाणी खालून मिळते, खाद्य म्हणून वरचे केरोसीन आहेच. हॉर्मोकॉनिस रेझिनी ही बुरशी त्यांत अग्रगण्य. मुंबईसारख्या उष्ण आणि दमट किनाऱ्यावर तिला हवे तसे हवामान आयतेच लाभते.

तिचा तपकिरी, बुळबुळीत थर फिल्टर तुंबवतो आणि इंधनाची पातळी मोजणाऱ्या शलाकांवर बसून त्यांना खोटे माप दाखवायला लावतो. सूक्ष्मजीवांपासून निघणारी सेंद्रिय आम्ले तर टाकीचे ॲल्युमिनियमच पोखरतात. म्हणून जाणता तंत्रज्ञ औषधाकडे मागाहून वळतो; टाकीच्या सर्वांत खालच्या झडपेतून साचलेले पाणी नेमाने काढून टाकणे, हे त्याचे पहिले कर्तव्य. काढलेला नमुना काचेच्या बरणीत घेऊन तो उजेडात धरतो: वर स्वच्छ इंधन, खाली पाणी, आणि दोहोंच्या मध्ये काळपट तंतू किंवा गाळ तरंगताना दिसला की नमुना जंतुपरीक्षेसाठी रवाना होतो. उपद्रव सिद्ध झाला तरच जंतुनाशकाची तजवीज. आणि थर दाट असेल तर टाकी रिकामी करून, हवा खेळती ठेवून, माणसाने आत उतरून ती पुसावी लागते, कारण मेलेली बुरशीही फिल्टर तुंबवण्याच्या कामी जिवंत बुरशीइतकीच तत्पर असते.

खरा धोका मात्र मात्रेत आहे. कॅथॉन नावाच्या जंतुनाशकाचे विहित प्रमाण आकारमानाने १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत शंभर, अर्थात दहा हजार लिटर इंधनात अवघे एक लिटर. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून मध्यरात्रीनंतर निघालेल्या एका एअरबस ए-३२१ विमानाची दोन्ही इंजिने उड्डाणानंतर अल्पावधीतच बिघडली, आणि वैमानिकांनी ते कसेबसे परत उतरवले. ब्रिटनच्या अपघात अन्वेषण शाखेच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की त्याआधीच्या देखभालीत टाकीत विहित प्रमाणाच्या ३८ पट कॅथॉन पडले होते. औषध घालणाऱ्या अभियंत्याला पीपीएम ही संज्ञाच परिचित नव्हती, आणि पुस्तिकेत प्रमाण दिलेले असले तरी त्यावरून लिटर कसे काढावेत हे सांगितलेले नव्हते. अदमासाने मीठ घालणाऱ्या हाताची जेवणात फारतर थट्टा होते, येथे तो हात सर्वांना संकटात लोटतो. माझ्या मते त्या एका माणसाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे; ज्यांनी गणित गृहीत धरून पुस्तिका लिहिली, त्यांच्याकडे कसुरीचा वाटा थोडाथोडका जात नाही.

हा प्रकार एकमेव नव्हता. मार्च २०१९ मध्ये जपानातील कानसाई विमानतळाकडे उतरत असलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या दोन्ही इंजिनांची शक्ती काही काळ घसरली होती. त्याही टाक्यांत त्यापूर्वी कॅथॉन घातलेले होते. या औषधात मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि ते अधिक झाल्यास इंजिनाला इंधन तोलून देणाऱ्या नाजूक झडपांत साठून त्यांची हालचाल अडते.

यास्तव विवेकी पद्धत अशी की टाकीतील इंधनाचे प्रमाण प्रथम नक्की करावे, औषधाचे लिटर दोघांनी स्वतंत्रपणे मोजून ताडून पाहावेत, ते एकदम ओतण्याऐवजी इंधन भरताना मोजून धारेत मिसळावे, ठरलेला अवधी मुरू द्यावे, आणि या साऱ्याचा तपशील नोंदवहीत सहीनिशी उतरवावा.

मार्च २०२० मध्ये उत्पादकाने विमान-इंधनासाठी कॅथॉनची विक्री बंद केली. नेमक्या त्याच सुमारास महामारीमुळे जगभरची विमाने इंधन भरलेल्या टाक्यांनिशी आठवडेच्या आठवडे एका जागी उभी राहू लागली. म्हणजे हे औषध हाती उरले नाही तेव्हाच बुरशीला विनाव्यत्यय वाढण्याची सवड मिळाली. शिल्लक राहिलेल्या बायोबोर जेएफ या दुसऱ्या जंतुनाशकाचे प्रमाण निराळे, उपचारासाठी २७० पीपीएम, आणि तेही कॅथॉनप्रमाणे आकारमानाने न मोजता वजनाने मोजायचे.