होल्याची शिकार : परवाना कालचा, बंदी आजची

ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की शेताच्या बांधावर होल्यांची ये-जा वाढते. खळे, अंगण, देवळाचे आवार, कोठेही हा पक्षी सहज दिसतो. तो इतका परिचयाचा आहे की त्याच्या रक्षणासाठी कायदा असेल, ही कल्पनाच अनेकांना नसते. ‘बंदुकीचा परवाना असला म्हणजे होला मारता येतो’, ‘हंगामात चालते’ असे समज अद्यापही ऐकू येतात. अशा समजापायी एखादा तरुण गुन्ह्यात अडकू शकतो. म्हणून वस्तुस्थिती समजून घेणे अगत्याचे आहे.

परवान्याचा काळ

हे समज अगदीच निराधार नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ संमत झाला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने देण्याची तरतूद होती. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणे असे परवान्यांचे चार प्रकार होते. परवान्यासोबत बंधनेही होती. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करता येत नसे. वाहनातून शिकार करणे, विष किंवा स्फोटके वापरणे, शिकारीसाठी रान पेटवणे यांस मनाई होती. खाजगी जमिनीवर मालकाची संमती लागे आणि शासनाने ठरविलेल्या बंद काळात शिकार वर्ज्य असे. काय व किती मारले याची नोंद परवानाधारकाने ठेवावयाची होती.

प्राण्यांच्या विणीच्या दिवसांत त्यांना उसंत मिळावी, हा बंद काळाचा हेतू. परंतु होल्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो. होल्याची वीण एका ऋतूपुरती मर्यादित नसते. अनुकूल परिस्थितीत ती वर्षातील बहुतेक काळ चालू राहते. काटक्यांच्या विरळ घरट्यात मादी बहुधा दोनच अंडी घालते. नर व मादी दोघेही ती उबवतात आणि आपल्या अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ पिलांना भरवतात. म्हणून कोणत्याही महिन्यात होला मारला, तरी मागे घरट्यात पिले राहण्याचा संभव असतोच.

१९९१ नंतरची स्थिती

१९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धत रद्द झाली. अधिनियमाच्या कलम ९ अन्वये संरक्षित अनुसूचींतील वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई करण्यात आली. होल्यांची नोंद त्या वेळी चौथ्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. मात्र होल्याचे संरक्षण उठलेले नाही. हौसेसाठी किंवा मांसासाठी होला मारण्याचा परवाना आज कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

शस्त्र परवाना हा निराळा विषय आहे. तो शस्त्र अधिनियम, १९५९ खाली दिला जातो आणि त्यामुळे केवळ शस्त्र बाळगण्याचा अधिकार मिळतो. पीक संरक्षणासाठी दिलेली बंदूकही शिकारीचा परवाना ठरत नाही.

‘शिकार’ या शब्दाची कायद्यातील व्याप्तीही मोठी आहे. मारणे, विष घालणे, फासे वा जाळे लावून पकडणे, तसा प्रयत्न करणे, हे सारे तीत येते. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणे, अंडी वा घरटे विस्कटणे हीदेखील शिकारच होय. गलोल घेऊन फिरणाऱ्या मुलांना शिक्षकांनी ही गोष्ट अवश्य सांगावी. गुन्हा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात केलेल्या शिकारीस शिक्षा अधिक कडक आहे.

पिकाचे नुकसान होत असेल तर?

शेतकऱ्याची अडचण कायद्याने दुर्लक्षिलेली नाही. उभ्या पिकास धोका निर्माण झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात. परवानगी मिळण्यापूर्वी कोणी स्वतः निर्णय घेऊ नये. राखण करणे, बुजगावणे उभारणे, डबे वाजवून पाखरे उठवणे हे परंपरागत उपाय मात्र खुले आहेत. गोफण फिरवावी ती पाखरू उठवण्यासाठी, पाडण्यासाठी नव्हे.

विपुल आहे म्हणून संपणार नाही, हा भरवसा पक्ष्यांच्या बाबतीत खोटा ठरलेला आहे. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतर हा होल्याच्याच कुळातील पक्षी. त्याचे थवे एके काळी आकाश झाकून टाकीत. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे तो नामशेष झाला. शेवटची मादी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावली.

ग्रामपंचायतीने ग्रामसभेत या तरतुदी वाचून दाखवाव्यात, जैवविविधता नोंदवहीत गावातील होल्यांची नोंद घ्यावी आणि शिकारीची माहिती मिळताच वनरक्षकास कळवावे. अंगणातल्या पाखराचे रक्षण वन विभागाकडून होण्याआधी गावाकडूनच होऊ शकते.