छाप बदलण्यापूर्वी

बर्बेरी हे नाव आपल्या कापडबाजारात सर्वांना ठाऊक नसेल, पण गॅबर्डिन ठाऊक आहे. ते कापड या इंग्रज पेढीच्या थॉमस बर्बेरी यांनी १८७९ साली काढले. भाला घेतलेला घोडेस्वार ही पेढीची छाप १९०१ च्या सुमाराची.

२०१८ साली पीटर सॅव्हिल या ग्राफिक डिझायनरकडून पेढीने नवी छाप करून घेतली. घोडेस्वार गेला, अक्षरे जाड व सपाट झाली. तेव्हा इतर बड्या फॅशन पेढ्याही तसलीच अक्षरे घेत होत्या. नाव वाचल्याशिवाय लेबल कोणाचे ते कळेना. २०२३ मध्ये घोडेस्वार निळ्या रंगात परतला, अक्षरांनाही पुन्हा बारीक टोके आली. कातिबाचे काम पाहिलेल्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

अक्षर, रंग, फोटो, खोका सारे एकाच हातचे दिसावे, हे आर्ट डायरेक्टरचे काम. आपल्याकडे ते छापखानेवालाच करतो. त्याच्या सांगण्यावरून आम्हीही एकदा लुंगीच्या लेबलावरचे चित्र बदलले. माल तोच, पण खेड्यातले गिऱ्हाईक ‘हा दुसरा माल’ म्हणून परत जाऊ लागले. त्यांना वाचता येत नव्हते, ते चित्र ओळखत. जुना ब्लॉक मोडीत गेला होता. नवा करून घेण्यात दीड महिना आणि ईदचा हंगाम गेला.