कडाक्याची थंडी, तरी बर्फाचा पत्ता नाही

नाताळात गुलमर्गला निघालेल्या मंडळींचा लाडका पुरावा म्हणजे मोबाइलवरचं तापमान. ‘उणे सात दाखवतंय, बर्फ असणारच!’ स्कीइंगबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज हाच.

जानेवारी २०२४ आठवा. काश्मिरात चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे ४० दिवस चालू होते, रात्री पारा शून्याखाली जात होता, आणि गुलमर्गचे उतार मात्र तपकिरी, उघडेबोडके. थंडी होती, ओलावा नव्हता. तिथे हिवाळी बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी चक्रावात. ते आले नाहीत किंवा दुबळे निघाले, की आकाश निरभ्र राहतं. आणि निरभ्र रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते, म्हणून पारा आणखी घसरतो. उलट बर्फ पडायचा असेल तेव्हा ढग दाटतात आणि रात्र थोडी उबदार होते. म्हणजे अंदाजात रात्रीचं तापमान चढताना दिसलं आणि सोबत ढग असले, तर स्कीवाल्याने नाराज व्हायचं कारण नाही.

‘डिसेंबरअखेर म्हणजे ऐन मोसम’ हेही आपल्या सुट्ट्यांनी ठरवलेलं. तेव्हा खाली पुरेसा थर बसलेला असेलच असं नाही. २०२४ मध्ये जानेवारी संपता संपता बर्फ आला आणि गुलमर्गमधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २१ फेब्रुवारीला सुरू होऊ शकल्या. पुढच्या वर्षी तर फेब्रुवारीतल्या ठरलेल्या तारखाही बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. स्पर्धा झाल्या मार्चमध्ये.

अ‍ॅपमध्ये ‘गुलमर्ग’ला एकच आकडा दिसतो, ही आणखी एक फसगत. गाव साधारण २,६५० मीटरवर, तर गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाला ३,९०० मीटरच्याही वर सोडतो. एवढ्या चढाईत तापमानात सात-आठ अंशांचा फरक सहज पडतो. खाली हॉटेलच्या दारात पावसाची रिपरिप आणि वर त्याच वेळी कोरडा, भुसभुशीत बर्फ, असं होऊ शकतं.

यंत्रांनी बर्फ पाडता येतो ना? येतो, पण त्यालाही पाणी आणि शून्याखालची, शक्यतो कोरडी हवा लागते. उबदार हिवाळ्यावर तो उपाय नाही.

आता खरा जिवावरचा गैरसमज: ‘ताजा, भरपूर बर्फ पडला, आजच उतरायचं.’ मोसमाच्या सुरुवातीला पडलेला पातळ थर निरभ्र थंडीत आठवडेच्या आठवडे पडून राहतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, पृष्ठभागावर त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे थरातून वाफ वर सरकते आणि कण जाड साखरेसारखे मोकळे होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. पुढे त्यावर तीन-चार फूट नवा बर्फ साचला, की वरची लादी या साखरेवर नुसती टेकलेली असते. वाऱ्याने एका बाजूला आणखी भर घातली की एका माणसाचं वजनही ती लादी निसटायला पुरतं. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खाली स्पर्धा चालू असताना, अफरवटच्या उतारावरच्या हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू दगावला.

‘आधी कुणीतरी उतरलंय, खुणा दिसताहेत’ हा दिलासाही पोकळ. पहिले चारजण सुखरूप गेलेल्या उतारावर पाचव्याची स्की नेमकी थर पातळ असलेल्या जागी पडू शकते. गोंडोला चालू आहे याचा अर्थ आखलेल्या मार्गाबाहेरचे उतार सुरक्षित आहेत, असाही होत नाही. तिकडे जायचंच असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या, त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचा आणि प्रत्येकाकडे शोधयंत्र, शोधकाठी, फावडं ठेवा. प्रत्येकाकडेच, कारण गाडलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, आणि तेवढ्या वेळात खालून मदत पोचणं कठीण असतं.